सौदामिनीचा डावा पाय

ज्याने उजेड निर्मिला आणि मग उजेडास नाव दिले, ज्याच्या इच्छेवाचून शाईचा एक थेंबही पिसाच्या टोकावरून खाली उतरत नाही, त्याच्या कृपेचे स्मरण करून ही नवी वही आरंभितो. विषय थोर नाही. मुलांच्या रंगीत चित्रकथा, त्यांतील दोन महानायक, आणि त्यांना जाळावे की नाही हा प्रश्न, एवढाच काय तो विषय आहे. परंतु सत्तरीच्या माणसापुढे प्रश्न येतो तेव्हा त्याने प्रश्नाचा आकार पाहू नये.

२२ एप्रिल १९४९, शुक्रवार. मोजणीचा आठवा दिवस

आम्हा यहुद्यांचे वल्हांडण काल सरले. आता आठवड्यांच्या सणापर्यंत रोज एकेक दिवस मोजायचा, दाढीस कात्री लावायची नाही.

अकराच्या सुमारास कुपफरमान आले. कोटांच्या कारखान्याचे मालक, आमच्या सभास्थानाचे अध्यक्ष, मुलांच्या शाळेच्या समितीचेही प्रमुख. ब्राउन्सव्हिलच्या या रस्त्यावर तेरा वर्षे मी चर्मपत्राच्या गुंडाळ्यांवर पवित्र संहिता लिहितो नि तपासतो. परंतु त्यांनी माझा जिना चढण्याची ही दुसरीच खेप. हातात सुटकेस होती. ती त्यांनी थेट माझ्या लिहिण्याच्या मेजावर, ताणून ठेवलेल्या चर्मपत्राशेजारी ठेवली. मी ती उचलून जमिनीवर ठेवली.

"सत्तर आहेत, रेब आन्शेल," ते म्हणाले. "पोरांच्या गाद्यांखालून एकेक उपसून काढलीत."

"आहे काय हे?"

"विष. दहा सेंटला एक पुडी."

मोजणीच्या तेहतिसाव्या दिवशी मुले दरवर्षी शेकोटी पेटवतात. यंदा ती शाळेच्या पटांगणात दुपारी चार वाजता पेटेल आणि लाकडांच्या जागी ही चित्रपुस्तके असतील, असा समितीचा ठराव आहे.

"तुम्ही एक पान निषेध लिहायचा, तुमच्या त्या अक्षरात. शेकोटीपुढं वाचू. आणि काडीही तुम्हीच ओढायची. तुमचं नाव आलं की आया गप्प बसतात."

मी म्हणालो, "वाचल्याशिवाय निषेध कसा लिहू?"

ते हसले. "वाचायचंय काय त्यात? चित्रं आहेत नुसती!"

"तपासल्यावाचून मी गुंडाळीची शिवणसुद्धा बाद ठरवत नाही, कुपफरमान."

"बरं, चाळा चार पानं." दारापाशी ते थांबले. "आपली संहिता सणाला पुरी होतेय ना? शेवटचे चार स्तंभ राहिलेत म्हणे. तिकडं लक्ष असू द्या हं." तीन वर्षे मी ही संहिता लिहीत आहे, तिची त्यांनी आठवण ठेवली, याचा संतोष वाटला.

माझी लेक ब्रायना स्वयंपाकघरात मासा कापीत होती. सुटकेस पाहून तिचे बोट कापले. एरवी तिचा हात स्थिर असतो. ती मॅनहॅटनमध्ये एका जाहिरातीच्या कचेरीत बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या रेखाटते. त्यामुळे तिच्या बोटांवर सदा काळे डाग असतात. आज त्यांत तांबड्याची भर पडली. शब्बाथची, आमच्या विसाव्याच्या वाराची, वेळ झाली, थांबतो.

२४ एप्रिल, रविवार. दहावा दिवस

भिंग घेऊन बसलो. दोन महानायकांपैकी आधी घणवीर घेतला, कारण तो वयाने वडील.

सुटकेसमधील घणवीराचे अंक अलीकडचे आहेत. मनुष्य तपासायचा तर त्याची सुरुवात पाहिली पाहिजे, म्हणून कोपऱ्यावरच्या फ्रूमाच्या टपरीवर गेलो. ही विधवा पहाटे पाचपासून वर्तमानपत्रे विकते आणि तिची जीभ तिच्याही आधी उठते.

"घणवीर? तुम्हाला?" ती ओरडली. रांगेतले दोघे वळले. "रेब आन्शेल, दाढी कापायची बंदी आहे ते ठाऊक होतं, पण डोक्यावर परिणाम होतो हे नव्हतं ठाऊक!"

"हळू बोल, फ्रूमा. अगदी पहिले अंक हवेत."

"पहिले कशाला? आत्ताचा घ्या. त्यात त्याला कुत्रा आहे."

तिने फळीखालून दोरीने बांधलेला गठ्ठा काढला. भाडे नको, वाचून झाले की कोणता आवडला ते सांगा, म्हणाली.

एकोणचाळीस सालचा घणवीर गोदीत खिळे ठोकणारा मजूर आहे. त्याच्या अंगी बळ कोठून आले हे कोणी सांगत नाही. उडत नाही, एका उडीत फार तर एक रस्ता ओलांडतो आणि दमतो. पहिल्याच कथेत घरमालक हिवाळ्यात एका विधवेस बिऱ्हाडाबाहेर काढतो. घणवीर त्या मालकाचेच दार बिजागरीसकट उचलून विधवेच्या दारी लावतो. मी मोठ्याने हसलो. ब्रायनाने दारातून डोकावून पाहिले आणि ती पुन्हा आत गेली.

आता अठ्ठेचाळीसचा घ्या. हा पृथ्वीभोवती उडतो. पर्वत फेकतो. हनुवटी चौकोनी झाली आहे, खांदे दारात मावणार नाहीत. महापौर त्यास नगराची किल्ली देतात. आणि करतो काय? बँकेवर दरोडा घालणारे तीन काटकुळे चोर पकडतो आणि कुत्र्यास शाबासकी देतो. घरमालक त्या कथांतून केव्हाच नाहीसा झाला. घणवीराचे बळ जसे वाढत गेले तसे त्याचे वैरी लहान होत गेले. हा त्याचा उत्कर्ष नव्हे.

यास निषेध म्हणता येईल काय? येईल. परंतु कुपफरमानांना हवा तो हा नव्हे.

२७ एप्रिल, बुधवार. तेरावा दिवस

सौदामिनी.

हिची सुरुवात लाजिरवाणी. एक्केचाळीस साली ती घणवीराची केवळ मदतनीस. प्रत्येक अंकात तिला दोरांनी बांधतात, ती किंचाळते, तो सोडवतो. बेचाळीसमध्ये घणवीर युद्धावर जातो आणि मासिकाची पाने रिकामी पडतात, म्हणून तिला स्वतःची कथा मिळते. तेथून चित्रांचा हातही बदललेला दिसतो. पहिल्याच पानावर तिला पुन्हा बांधले आहे. ती किंचाळत नाही. सभोवार पाहते आणि म्हणते, "ही गाठ मला येते."

तिच्या बोटांतून वीज निघते. परंतु एकदा वापरली की दोन दिवस हात थरथरतो, म्हणून ती आधी बोलून पाहते. तिने आजवर एकासही ठार केलेले नाही. शेहेचाळीसनंतर पुरुष युद्धावरून परतले, तेव्हा मासिकाच्या मालकांनी तिच्या हाती केकचे भांडे दिलेले दिसते. मुखपृष्ठावर ती केक भाजते. आतल्या पानांवर मात्र त्याच केकमध्ये लपवून ती नगरपालिकेच्या लाचखाऊ अधिकाऱ्याच्या तिजोरीतला पुरावा बाहेर काढते. कोणीतरी मालकांचे ऐकल्यासारखे करून न ऐकण्याची कला साधली आहे.

एक गोष्ट मात्र खटकते. दिवसा सौदामिनी कचेरीत टंकलेखन करते आणि म्हाताऱ्या, आंधळ्या, घड्याळे दुरुस्त करणाऱ्या बापापाशी राहते. पोरगी रोज उशिरा येते, तिच्या कपड्यांस जळल्याचा वास येतो, हात थरथरतात, आणि हा म्हातारा विचारतो, "कचेरीत काम फार होतं का गं?" सात वर्षे! इतका मूर्ख बाप असू शकतो, हे मला पटत नाही. घड्याळाच्या पोटातला केसाएवढा दोष यास बोटांनी कळतो आणि स्वतःची लेक कळत नाही?

जेवताना ब्रायनास हे सांगितले. ती म्हणाली, "असतात असे, ताते. बिचारे कामात असतात."

३ मे, मंगळवार. एकोणिसावा दिवस

आठवडाभर संहितेचा एकच स्तंभ झाला. उरलेला वेळ सौदामिनीने घेतला. याबद्दल क्षमा मागितली आहे.

सत्तेचाळीसच्या फेब्रुवारीच्या अंकात ती एका जळत्या जिन्यावरून पडते आणि डावा पाय मोडतो. मी पुढचा अंक काढला. या कथांत नायक आज मरतो नि पुढच्या महिन्यात न्याहारी करतो. पाय तर क्षुल्लक. परंतु पुढच्या अंकात ती लंगडते आहे. त्यापुढच्यातही. दोन वर्षे झाली, अजून लंगडते. पाय ओढताना ती हात कमरेवर ठेवते आणि थांबल्यावर, जणू थांबायचेच होते अशा आविर्भावात, खिडकीबाहेर पाहते. हे मला इतके का आवडले, ठाऊक नाही. माझ्या बायकोस, गिटेलला, आवडले असते. ती, बोटीच्या पायऱ्यांवरून घसरली तेव्हापासून, जिना चढताना मला पुढे पाठवीत असे. येत्या हिवाळ्यात तिला जाऊन तीन वर्षे होतील.

संहितेत एक अक्षर हलले तर सारी गुंडाळी बाद होते. येथे दर महिन्याला सबंध मनुष्य बदलतो आणि नाव तेच राहते, ही प्रथम मला लबाडी वाटली होती. परंतु आमच्या शास्त्रांतील माणसे तरी कोठे जशीच्या तशी राहतात? आंधळ्या बापास फसवून आशीर्वाद चोरणारा तो तरुण पुढे नदीकाठी अनोळखी पुरुषाशी पहाटेपर्यंत झुंजतो, मांडी निखळून लंगडत उठतो आणि नवे नाव घेऊन चालू लागतो. अक्षर हलत नाही, माणूस हलतो. घणवीरास दहा वर्षांत एक ओरखडाही उमटलेला नाही. तो बदलला, पण त्यास काही झाले नाही. सौदामिनीस झाले.

आणि आता जे सापडले ते. तिच्या प्रत्येक कथेच्या पहिल्या चौकटीत, कोपऱ्यात, भिंतीच्या विटांवर अगदी बारीक काहीतरी खरडलेले असते. मी ते छपाईचे डाग समजलो होतो. भिंगाखाली धरले. आमच्या पूर्वजांच्या आद्य वैऱ्याचे नाव, आमच्या लिपीत, आणि त्यावर आडवी रेघ!

हा आम्हा संहिता लिहिणाऱ्यांचा प्रघात. काम आरंभण्यापूर्वी पिसाचे टोक तपासायचे ते त्या दुष्टाचे नाव लिहून आणि ते खोडून. बाहेरच्या कोणास हे ठाऊक असण्याचे कारण नाही.

रात्री गरम सारात राय धान्याचा पाव मोडता मोडता मी ब्रायनास म्हणालो, "सौदामिनी काढणारा आपल्यातला आहे. कुण्या संहितालेखकाच्या घरातला वाया गेलेला मुलगा."

तिचा चमचा ताटलीत पडला. "मुलगाच कशावरून?"

"हात मुलाचा आहे. रेघ बघ किती निर्भय."

ती हसू लागली. इतकी हसली की डोळ्यांस पदर लावावा तसा रुमाल लावला. "निर्भय म्हणालात, ताते. लक्षात ठेवीन हं."

६ मे, शुक्रवार. बाविसावा दिवस

प्रकाशकांच्या पत्त्यावर त्या अनोळखी सद्गृहस्थास पत्र लिहिले: आपले वडील हयात आहेत काय, आणि आपण त्यांची विद्या कोठे वापरता हे त्यांना ठाऊक आहे काय? पत्र टपालात टाकण्यास ब्रायनाकडे दिले.

९ मे, सोमवार. पंचविसावा दिवस

उत्तर आले! टंकलिखित, सहीवाचून. "वडील हयात आहेत. त्यांना ठाऊक नाही. लहानपणी ते मला शेजारी बसवून म्हणत, पीस तपासल्याशिवाय ओळ सुरू करायची नाही. बाकी सारं सोडता आलं, ते सोडता आलं नाही. ते मला हाकलून देतील असं वाटतं का तुम्हाला?"

पाकिटावर टपालाचा शिक्काच नाही. टपाल खाते किती ढिसाळ झाले आहे.

लगेच उत्तर लिहिले: "हाकलून देणार नाहीत. कदाचित दोन दिवस बोलणार नाहीत. आपण त्यांना सांगावे." ब्रायनाने ते पिशवीत ठेवले.

११ मे, बुधवार. सत्ताविसावा दिवस

काल सोळा वर्षे झाली. फ्रँकफुर्टच्या चौकात त्या दिवशी जाळण्यासाठी बैलगाडीतून पुस्तके आणली होती. आमची खिडकी वरच्या मजल्यावर होती. अठरा वर्षांची ब्रायना म्हणाली, "ताते, झडप उघडी ठेवा, कुणीतरी बघितलं पाहिजे." मी झडप लावली. त्या पुस्तकांतील बहुतेक मी वाचली नव्हती, आणि वाचली असती तर मला आवडली नसती. तेव्हा हे मला कारण म्हणून पुरले होते.

आज निषेधाच्या जागी नऊ पाने तुलना लिहून कुपफरमानांच्या कारखान्यात गेलो. शिवणयंत्रांच्या गोंगाटात ते उभ्यानेच वाचू लागले.

"हे काय? 'घणवीर बळाने वाढला, मनाने आटला; सौदामिनी बळाने आटली...' रेब आन्शेल, मी निषेध मागितला, तुम्ही भाष्य लिहून आणलंत!"

"तपासणीत जे निघालं ते लिहिलं."

"मी निर्दय माणूस नाही." ते खाली बसले. "माझा धाकटा वर्गात एक अक्षर वाचत नाही. चित्रं बघतो. त्याच्या आजोबांनी मार खाल्ला, पण धडा सोडला नाही. आणि हा कुत्र्यावाल्या पहिलवानाच्या मागं! आपल्याकडे उरलंय काय, सांगा ना? पोरंच ना?"

हे त्यांनी मनापासून म्हटले. क्षणभर मला त्यांची दया आली.

"तर मग पोरांना दुसरं काही द्या," मी म्हणालो. "पण पुस्तकं जळताना बघायला शिकवू नका. एकदा शिकली की ती चांगली शिकतात."

"काडी ओढणार की नाही?"

"नाही."

"मग संहितेचे उरलेले स्तंभ दुसरा लिहील."

एक यंत्र थांबले. बहुधा दोरा तुटला असावा. घरी आलो तेव्हा जिना फार उंच वाटला. तीन वर्षे! शेवटच्या ओळीची शाई मी वेगळी घोटून ठेवली आहे. वाटेत दोनदा परत फिरावेसे वाटले, हे येथे प्रांजळपणे लिहितो.

१३ मे, शुक्रवार. एकोणतिसावा दिवस

सुटकेस सोमवारी परत द्यायची आहे. राहिलेले अंक तपासले. चव्वेचाळीसच्या डिसेंबरच्या अंकात, सतराव्या पानावर, सौदामिनी युरोपातल्या एका उद्ध्वस्त सभास्थानात उभी आहे. इतर चित्रकार अशा भिंतीवर आमच्या लिपीऐवजी नुसत्या वेड्यावाकड्या रेघा ओढतात. येथे भिंतीवर प्रभूचे चार अक्षरी नाम आहे. पूर्ण. निर्दोष. मी स्वतः लिहिले असते तर यात बदल केला नसता.

अंगावर काटा आला, आणि पाठोपाठ संताप. लाखो प्रती! कचऱ्यात, गटारात, मासे गुंडाळायला! अरे लेकरा, तू काय केलेस! अशी चूक परक्याच्या हातून होऊच शकत नाही. ज्याचा हात खोटे अक्षर काढण्यास धजत नाही, त्याच्याच हातून होते.

ज्या कागदावर ते नाम आहे तो जाळता येत नाही. जीर्ण झाला तरी तो जमिनीत पुरायचा असतो.

१७ मे, मंगळवार. तेहतिसावा दिवस

सूर्य मावळण्याआधी लिहून घेतो.

पटांगणात दीडशे मुले, भिंतीलगत आया, मध्यभागी अंकांचा ढीग. फ्रूमा टपरी बंद करून आली होती. तिने टपरी बंद केल्याचे मी प्रथमच पाहिले. कुपफरमानांनी माझ्याकडे न पाहता समितीतील एका गृहस्थाच्या हाती काडेपेटी दिली.

मी ढिगापुढे जाऊन उभा राहिलो. वयामुळे वाट मिळते.

"हा ढीग जाळता येणार नाही," मी म्हणालो, आणि जवळ ठेवलेल्या त्या डिसेंबरच्या अंकाचे सतरावे पान उघडून दाखवले. पुढचे दोघे वाकून पाहताच मागे सरले. एकाने ओठांस बोटे लावली.

"शोधून आणलंत!" कुपफरमान ओरडले.

"तुमच्याच सुटकेसमधून."

"बरं, तो एक अंक बाजूला काढा. बाकीचे जाळू."

"आणखी कशात आहे हे तपासल्यावाचून कसं कळणार? सत्तर अंक, प्रत्येकाची बावन्न पानं. तपासनीस या वस्तीत मी एकटा. माझी नजर आता मंदावली आहे. दिवसाला एक पान झेपेल." मी बोटांवर हिशेब केला. "दहा वर्षं. शब्बाथ नि सण धरले तर जरा जास्त."

मुलांमध्ये हशा पिकला. फ्रूमा म्हणाली, "काडेपेटी ओली होईल हो तोवर, अध्यक्ष!"

कुपफरमान मूर्ख नाहीत. शास्त्र त्यांनीही वाचले आहे. ते शांतपणे म्हणाले, "लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं, त्यावर ठरतं. हे पावित्र्याच्या भावनेनं लिहिलेलं नाही. कुण्या भाडोत्री चित्रकारानं भिंत सजवली. कुठाय तो? येऊन सांगू दे!"

मी सहीवाचूनचे एक पत्र खिशात चाचपीत उभा राहिलो. समितीच्या गृहस्थाने काडी बाहेर काढली.

"मी काढलंय ते."

आवाज आयांच्या मागून आला. ब्रायना कचेरीतल्या कपड्यांतच होती. वाट करीत ती पुढे आली. माझ्याकडे तिने पाहिले नाही.

"सौदामिनी मी काढते. सात वर्षं झाली. ती भिंत माझ्या आजीच्या गावची आहे. गावात कुणी उरलं नाही असं कळलं, त्या दिवशी ते पान काढलं. इतर लोक रेघोट्या ओढतात तशा ओढून बघितल्या, नाही जमलं. मग हात धुतले आणि जसं लिहायचं असतं तसं लिहिलं. पुढं ते कचऱ्यात जाईल हे डोक्यात आलं नाही, ती माझी चूक. पण मनात काय होतं म्हणून विचारत असाल तर, होतं."

कुपफरमान माझ्याकडे वळले. "बाईनं लिहिलेलं! संहितेत बाईचा हात चालत नाही. सांगा ना, तुम्हीच सांगा सगळ्यांना!"

"चालत नाही," मी म्हणालो. "म्हणून ते संहितेत घालता येणार नाही. पण जाळायची परवानगी त्यातून मिळत नाही. ज्याच्या मनात शंका असेल त्यानं आधी मला जाळावं. माझ्यावर कसलंही नाव लिहिलेलं नाही."

काडीचे गृहस्थ काडीकडे पाहत राहिले. मग त्यांनी ती पुन्हा पेटीत ठेवली. एका चिमुरडीने ढिगातला स्वतःचा अंक ओढून काढला, मग दुसरीने. फ्रूमा एकेकीस दटावीत होती, "रांगेनं घ्या गं, आणि तपासल्याशिवाय वाचू नका! रेब आन्शेलना दाखवा आधी!"

घरी येताना मी ब्रायनाशी बोललो नाही. ती म्हणाली, "दोन दिवस ना, ताते? मोजते मी."

१९ मे, गुरुवार. पस्तिसावा दिवस

कुपफरमानांची माणसे संहिता घेऊन गेली. ती बांधताना मी मदत केली. चर्मपत्रास सुरकुती पडू नये. मेज रिकामे झाले. त्यावर हात फिरवला तर ज्या जागी तीन वर्षे मनगट टेकले तेथे लाकूड गुळगुळीत लागते.

त्या आंधळ्या घड्याळजीविषयी मी मागे जे लिहिले आहे ते आज वाचले. मूर्ख म्हटले आहे. ते खोडणार नाही.

दोन दिवस संध्याकाळी संपले. मी म्हणालो, "चहा टाक."

२२ मे, रविवार. अडतिसावा दिवस

ब्रायनाने आज प्रथमच घरी काम आणले. जाड पांढरा पुठ्ठा, शाई, लेखण्या. स्वयंपाकघराच्या मेजाकडे वळली, तेव्हा मी माझे मेज दाखवले.

"मालकांचा निरोप आहे," ती म्हणाली. "पाय बरा करायचा. आणि वर्षअखेर घणवीराशी लग्न."

"त्या कुत्रेवाल्याशी?"

"खपतो तो, ताते."

"तू काय म्हणालीस?"

"अजून काही नाही. नाही म्हटलं तर काम जाईल."

मी तिच्या पुठ्ठ्याकडे पाहिले. रिकामी पहिली चौकट होती. बाजूला पेन्सिलीने काढलेली सौदामिनी जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबली होती, हात कमरेवर, नजर खिडकीबाहेर. गिटेल अशीच थांबे. मला पुढे जा म्हणे, मी वळून पाहू नये म्हणून.

"लंगडू दे," मी म्हणालो.

"ताते, एक नोकरी गेलीय घरातली."

"म्हणून तर. आता मला मधे पडायला वेळ आहे. हा पाय बरा करून घेण्याचा अधिकार मालकांचा नाही. तुझाही नाही. तो तिचा आहे."

ब्रायनाने एक लेखणी निवडली, शाईत बुडवली, आणि स्वतः न वापरता माझ्यापुढे धरली.

"तपासून द्या."

मी मनगट त्या गुळगुळीत जागी टेकले. पहिल्या चौकटीच्या कोपऱ्यात, विटांवर, त्या जुन्या दुष्टाचे नाव लिहिले आणि सगळा जोर लावून आडवी रेघ ओढली. टोक उत्तम होते. मी लेखणी तिला परत दिली.

जो पडलेल्यांस उठवतो आणि उठलेल्यांचे लंगडणे लज्जेचे मानीत नाही, तो हे वाचणाऱ्या प्रत्येकास स्थिर हात देवो, उघडी खिडकी देवो, आणि जे लेकरू त्याच्याच घरात अनोळखी होऊन वावरते आहे, ते ओळखण्यापुरता उजेड देवो. तथास्तु.